दोन पेट्या आणि कुशाबा सुतार

४ जानेवारी १९९८, रविवार. महाड.
निर्णय झाला. स्पीकर घरी बनवायचे. मुंबईहून दोन आठ इंची फुल रेंज स्पीकर आणलेत, पेटीशिवाय नुसते. स्वस्तातले आहेत, पण दुकानदाराने ते इतक्या आनंदाने का दिले ते कळलं नाही. असो. खरी करामत पेटीची असते, आणि कंपन्या नेमकं हेच लपवतात. ज्युनिअर कॉलेजला बावीस वर्षं फिजिक्स शिकवतोय. मला कोण फसवणार?
चारुलता म्हणाली, रेडिओ चांगला चाललाय की. बायकोलासुद्धा डिझाइन दाखवायचं नाही.
संकल्प : रोज पाचला उठून आकडेमोड.

५ जानेवारी. सकाळी ८.१०
आत्ता उठलो. गजर वाजलाच नाही. चारुलता म्हणते, वाजला, तिने बंद केला. कारण सांगत नाही.

११ जानेवारी
डिझाइन तयार. स्पीकरसाठी सात इंची भोक, खाली एक छोटं भोक. मागची हवा त्यातून सुटली की बास, म्हणजे खर्जाचा घुमारा, वाढतो. काम कुशाबाला दिलं. पोलादपूरजवळच्या कापडे गावचा सुतार, पोलादपूरच्या शाळेत माझ्याच बाकावर बसायचा. त्याने कागद उलटा धरून बराच वेळ पाहिला. इतका वेळ कशाला? मग विचारलं, मास्तर, ह्या धाकट्या भोकातून काय येनार? बास, म्हटलं. तो हसला. हसणं मला आवडलं नाही.
त्याच्या सेजलचं लग्न ९ मेला. भरात येऊन बोलून गेलो की हळदीला माझेच स्पीकर लागतील, तुझ्या पोरीला माझा आहेर. त्याचे डोळे भरून आले. त्याने पुतण्या किशोरचे स्पीकर बॉक्स सांगितले होते, ते रद्द करतो म्हणाला.
घरी आल्यावर लक्षात आलं : किशोरची पोलादपुरात साउंड सर्व्हिस आहे. म्हणजे माझ्या डिझाइनचा कागद कुणाच्या घरात गेला?

२५ जानेवारी
डिझाइन चौथ्यांदा बदललं. कुशाबा म्हणाला, दुसऱ्या डिझाइनचं लाकूड कापून एक पेटी झाली पन. एवढी घाई कुणासाठी?

१५ फेब्रुवारी
पेट्या आल्या. दिसायला झकास. वायरिंग स्वतः केलं, कुणाला जवळ येऊ दिलं नाही. कॅसेट लावली. बास नाही. तबला डब्यावर चमचा मारल्यासारखा.
प्लाय पातळ असणार. कुशाबाने १९ मिलिमीटर सांगितली होती. मोजली. १९ भरली. पट्टी तपासून घेतली पाहिजे.

२२ फेब्रुवारी
पेटीत कापूस भरला. आवाज आणखी दबला. चारुलता तिची उशी शोधत होती. मीही तिच्याबरोबर शोधू लागलो.
एकच पेटी लावली की बास बरा येतो, दोन्ही लावल्या की जातो. म्हणजे दुसरी पेटी मुद्दाम बिघडवलेली. दोन्ही आलटून पालटून लावल्या. दोन्ही एकेकट्या चांगल्या. फारच पोचलेलं काम आहे.

१ मार्च, रविवार
न कळवता कापड्याला गेलो. कुशाबा घरी नव्हता. परसात गेलो आणि जागीच थांबलो. माझी पेटी! डिझाइन नंबर दोन. सात इंची गोल भोक, बरोबर मध्यावर. चोरी रंगेहाथ पकडली असं वाटतंय तोच भोकातून कोंबडी बाहेर आली.
कुशाबाची बायको ठकूबाई म्हणाली, तुमचीच पेटी हाय, मास्तर. तुमी नको म्हनलात, तर आत कोंबडी अंड्यांवर बसवलीय.
कोंबडी हे पांघरूण आहे. आत किशोरने काय काय ट्रायल घेतल्या असतील! भोकात हात घालून पाहिला. कोंबडीने परत येऊन चोच मारली.
आजपासून कुशाबाशी संबंध बंद. त्याला सांगणार नाही. त्याचं त्यालाच जाणवू दे. स्पीकरचा शब्द मात्र पाळणार. शब्द तो शब्द.

१२ एप्रिल
अबोल्याचा बेचाळिसावा दिवस. एस.टी. स्टँडवर कुशाबा दिसला. मी वेळापत्रकाकडे तोंड केलं. तो काही न बोलता झपझप निघून गेला. आतून पार खचला असणार. चारुलता म्हणाली, पोलादपूर गाडी सुटत होती.
बास अजून नाही. ओळीने संशयित : वीज मंडळाचं व्होल्टेज, मुंबईचा दुकानदार, किशोर.

८ मे. कापडे.
हळद. चारला मांडवात बाकांवर पेट्या मांडल्या. चारुलता मला हळूच म्हणाली, अजून वेळ आहे, किशोरला सांगू या. मी ऐकलं नाही. मंडळी जमली, कॅसेट सुरू झाली. त्या उघड्यावर आवाज म्हणजे दूरच्या घरातलं भांडण. बनुबाई म्हणून एक म्हातारी मोठ्यांदा म्हणाली, मशीन आजारी हाय काय गो? सगळा मांडव हसला. सेजल पाटावर बसली होती, ती हसली नाही. माझ्याकडे बघून मान खाली घातली. ते हसण्यापेक्षा वाईट.
इतक्यात किशोर टेस्टर घेऊन आला. मी पेट्यांसमोर आडवा उभा राहिलो. तो म्हणाला, काका, एक मिनिट देता? कुशाबा लांबून म्हणाला, मास्तर, बघू दे रे त्याला. मी बाजूला झालो. किशोरने एका पेटीच्या दोन वायरी सोडवल्या, उलट्या केल्या, पिळल्या. बस.
ढोलकी अशी घुमली की मांडवाच्या पताका थरथरल्या. बाया उठल्या. बनुबाई पहिली. सेजल हळदीच्या तोंडाने खदखदून हसली.
एका पेटीची लाल-काळी वायर मीच उलट जोडली होती. एका स्पीकरचा पडदा हवा पुढे ढकलतो, तेव्हा दुसऱ्याचा मागे ओढतो. दोघं मिळून शून्य. हे मी अकरावीला शिकवतो. बावीस वर्षं. फळ्यावर आकृती काढून.
किशोर कुणाला काही बोलला नाही. विचारलं तर म्हणे, वायर जरा सैल होती. तो असं का म्हणाला? बराच विचार केला. मला वाचवायला म्हणाला, दुसरं कारण सापडत नाही.

१० मे, रविवार
माफी मागायला कापड्याला. एस.टी.त वाक्यं पाठ केली. कुशाबा मांडव सोडत होता. पोर सासरी गेलेली, घर गप्प. एका दमात सगळं सांगितलं : तुझ्यावर संशय घेतला, तुला चोर ठरवलं, दोन महिने तुझ्याशी अबोला धरला, क्षमा कर.
त्याने हातातली दोरी खाली ठेवली. मग आत हाक मारली, ठकू, मास्तर आपल्याशी बोलत नव्हता गो?
आतून ठकूबाई म्हणाली, कधी?
कुशाबा म्हणाला, मला तर वाटलं, बारावीचे पेपर तपासतोयस. मग म्हणाला, हा वासा धर जरा तिकडून.
धरला.