पोचल्याचं कळव

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणायचं ते म्हणायचं, आठातलं एक अंग सध्या जमिनीला टेकवत नाही, त्याचा खुलासा पुढे येईल. तोवर सातांवर भागवून घे.) तुझा गुडघा काय म्हणतो? भाऊजींचा खोकला उतरला का? जिना उतरताना कठडा धरतेस ना, की अजून तोच हट्ट, मला काय म्हातारी समजलास म्हणून? माझं म्हणशील तर मी जिवंत आहे, अंगाने कधी नव्हे एवढा भरलो आहे, आणि अक्षर वेडंवाकडं दिसतंय म्हणून घाबरून जाऊ नकोस, चष्मा फुटला आहे एवढंच. जन्मभर गावाला चष्मे लावले आणि सापडलो कुणाच्या तावडीत, तर ज्यांना मुळात डोळेच नाहीत त्यांच्या. याला म्हणतात नशीब.

तुम्हा नदीपलीकडच्या लोकांना इथलं किती तिखटमीठ लावून कळलं असेल देव जाणे, म्हणून मुळापासून सांगतो. ते आले त्या दिवशी मी दाताच्या दवाखान्यात नंबर लावून बसलो होतो. माझ्या आधी एक बसड्रायव्हर गाल धरून बसला होता, पलीकडे गणिताच्या एक बाई पेपर तपासत होत्या, आणि रिसेप्शनवरची पोर (सातवा महिना, पण तोंडावर हसू तसंच) प्रत्येकाला आता पाचच मिनिटं म्हणून सांगत होती. तेवढ्यात जमीन हलली आणि ते आत आले. आम्ही त्यांना वरवंटे म्हणतो, कारण दिसतात अगदी तसेच: काळे, गुळगुळीत, लांबोडके, फक्त आपल्या कमरेएवढे उंच, आणि लोळत चालतात. डोळे नाहीत, कान नाहीत, तोंड कुठे आहे ते आम्हाला अजून सापडलेलं नाही. त्यांना जे कळतं ते जमिनीतून कळतं, कोण चाललं, कुठून चाललं, किती जड आहे. दवाखान्याचा वॉचमन काठी घेऊन त्यांना आडवा गेला. ते थांबले नाहीत आणि वळलेही नाहीत. ताई, त्याच्याबद्दल मी इथे कोणाशी बोललेलो नाही, तुलाही एवढंच लिहितो.

डॉक्टरीणबाईंसकट आम्हा सगळ्यांना त्यांनी हाकत हाकत पोहण्याच्या तलावाच्या इमारतीत आणलं आणि कोरड्या तलावात उतरवलं. तेव्हापासून निळ्या फरशीवर आमचा मुक्काम. (खोल बाजूला, पोहता न येणाऱ्यांनी इकडे येऊ नये, अशी पाटी आहे, म्हणून मी उथळ बाजूला झोपतो. ड्रायव्हर हसतो. हसू दे, नियम तो नियम.) दाराला कुलूप नाही. त्याची त्यांना गरजच नाही, कारण रोज सकाळी ते आम्हाला तोलतात. तलावाच्या काठाशी जमिनीत एक मोठं ताट बसवलंय, त्यावर सगळ्यांनी एकदम उभं राहायचं. एकेकाची मोजणी नाही, चेहरे नाहीत. सगळ्यांचं मिळून काय भरतं तेवढंच त्यांना हवं असतं. जास्त भरलं तर हरकत नसते, पहिल्या दिवसापेक्षा कमी भरलेलं चालत नाही. तोलण्याआधी ताट गदागदा हलतं. कोणाला तरी निसटता यावं म्हणून ड्रायव्हरने खिशात बटाटे भरून वजन वाढवायची शक्कल लढवली होती, ते सगळे खाली घरंगळले. बाईंनी पर्स पोटाशी गच्च धरली होती, तीही हातातून निसटली. आणि खाली जे पडतं त्यावरून वरवंटे एकदा फिरतात. पर्सचा चेंदामेंदा आम्ही सगळ्यांनी पाहिला, आणि सगळ्यांच्या नजरा आपोआप रिसेप्शनवरच्या पोरीकडे गेल्या. मूल झालं की त्याला घेऊन तिला रोज त्याच ताटावर उभं राहायचं होतं. तीच म्हणाली, माझी पकड चांगली आहे हो.

म्हणून बेत ठरला. बेत बाईंचा. तिला बाहेर काढायचं तर बाकीच्यांनी मिळून तिच्याएवढं वजन अंगावर चढवायचं, म्हणजे ताटाला पत्ता लागणार नाही. तुम्ही लॉरीने पाठवता ते बटाटे, बिस्किटं आणि जॅमचे डबे होतेच, आम्ही जेवायला लागलो. ताई, भूक नसताना जेवणं ही काय शिक्षा आहे ते मला तेव्हा कळलं. ड्रायव्हरची दाढ ठणकत होती, तो बटाटा कुस्करून एका गालाने गिळायचा आणि डोळ्यांतून पाणी काढायचा. डॉक्टरीणबाई जन्मभर लोकांना गोड खाऊ नका म्हणत आल्या, त्या आता स्वतःच्या हाताने जॅम वाढायच्या आणि प्रत्येक चमच्याला उसासा टाकायच्या. (वर दात घासा, दात घासा म्हणायच्या. ब्रश कोणाच्या बापाकडे होता?) पण वाट कशी आहे ते कोणालाच माहीत नव्हतं, तेव्हा पोटुशी पोर पाठवण्याआधी दुसऱ्या कोणीतरी जाऊन बघावं असं ठरलं, आणि काय योगायोग बघ, सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. मला वाईट वाटलं. जड तर मीच सगळ्यांत, म्हणजे माझ्यासाठी सगळ्यांना आणखी खावं लागणार, तरी मीच. कारण उघड आहे. मी बोलतो. गिऱ्हाइकाच्या नाकावर भिंगं बदलता बदलता बोलायची सवय, ती इथेही सुटलेली नाही, आणि तलावात आवाज घुमतो. बाई तर एकदा तोंडावर म्हणाल्या होत्या की चष्मेवाले, वरवंट्यांना कान नाहीत हा त्यांच्यावर देवाचा उपकार आहे. ब्याद टळेल आणि वाटही कळेल, असा सगळा हिशेब होता.

एका सकाळचं तोलणं झालं आणि मी निघालो. सगळे शिडीशी आले. पोचलो की संध्याकाळच्या लॉरीबरोबर निरोप पाठवतो, असं मी सांगितलं. (लॉरी दोनदा येते, दुपारी जेवण घेऊन आणि संध्याकाळी रिकाम्या पेट्या न्यायला. लॉरीवाला देवमाणूस आहे. फाटकाशी लॉरीसुद्धा तोलतात म्हणून तिच्यात माणूस लपवता येत नाही, पण चिठ्ठीएवढं वजन त्यांना कळत नाही.) जमिनीवर पाय टाकायची सोय नव्हती. लहान मुलं पोहायला शिकताना छातीखाली धरतात त्या फोमच्या फळ्या एका कपाटात सापडल्या होत्या. एक टाकायची, तिच्यावर उभं राहायचं, मागची उचलायची, पुढे टाकायची, चिखलातून विटांवर पाय देत जातो तसं. बोळात दोन्ही भिंतींशी ओळीने वरवंटे पडलेले. भीतीने मी वाटभर त्यांना मोठमोठ्याने शिव्या देत गेलो. तू ऐकल्या असत्यास तर या वयातही माझा कान पिळला असतास. शेवटी तिकिटाच्या खोलीत पोचलो. तिकिटाच्या खिडकीतून बाहेर उतरायचं, आणि दुपारची लॉरी निघाली की तिच्या धडधडाटात खडीवरून कडेकडेने फाटकाबाहेर पडायचं, असं ठरलं होतं. आम्हाला आत आणलं तेव्हाच बाईंनी ती खिडकी नजरेने मापली होती, आणि पुढे माझं पोटही. दोन्ही मापं बरोबर होती. पण मधल्या काळात माझी जीभ आडवी आली. जाणाऱ्याने जास्त खायचं नाही असं बाईंनी बजावलं होतं. पण बाकीचे रडतखडत घास गिळतायत आणि आपण समोर हाताची घडी घालून बसायचं, हे आपल्या घरात कोणी शिकवलेलं नाही. मीही बसायचो त्यांच्या पंगतीला. तर डोकं गेलं, खांदे गेले, आणि पुढे काही जाईना. लॉरी आली, पेट्या उतरल्या, लॉरी गेली. मी खिडकीत. कसाबसा मागे सरकून काउंटरवर चढून बसलो आणि म्हटलं, काही बिघडलं नाही, एक दिवस उपास काढला की पोट उतरेल, उद्याच्या लॉरीला निघू. तिकडे सगळे पोटभर जेवतायत, तेव्हा ताटाची काळजी नव्हती.

सकाळी वजन कमी भरलं. जमीन अशी हलली की माझे दात वाजले. ते दाराने आलेच नाहीत, भिंतीतून आले. खिडकी, काउंटर आणि मी, सगळं एकदम खाली आलं. चष्मा तेव्हाच गेला. डाव्या पायाची दोन बोटंही तेव्हाच गेली, म्हणजे आहेत पायाला, पण बोटं म्हणता यायची नाहीत. (झाला खुलासा.) मग मला लोळवत आणून तलावात ढकललं, आणि ताई, पडल्यापडल्या मी ओरडलो तो पायासाठी नाही. एवढं चढवलेलं वजन गेलं कुठे, एक दिवस माझ्यासाठी जेवला नाहीत का, म्हणून मी सगळ्यांवर तोंड सोडलं. डॉक्टरीणबाई खाली मान घालून पाय बांधत राहिल्या. मग हळूहळू बाहेर आलं. संध्याकाळची लॉरी आली आणि माझा निरोप आला नाही. ड्रायव्हरने दाढेचं निमित्त केलं आणि बटाटे बाजूला सारले. बाईंचं म्हणे डोकं चढलं होतं. पोर तर नुसती रडत बसली होती. प्रत्येकाने मनाशी धरलं की बाकीचे जेवतायत ना, आपल्या एकट्याच्या घासाने काय बिघडतं. कोणीच जेवलं नाही. बाई म्हणाल्या, सगळं धरलं होतं हो हिशेबात, पण घरचं माणूस वाटेवर असताना जेवायचं कसं, चष्मेवाले? मी इथे आल्यापासून पहिल्यांदाच गप्प बसलो. पाय फार दुखतोय, असं त्यांना सांगितलं.

असा सगळा फजितवाडा झाला. त्या धक्क्याने सगळ्यांचं चढलेलं बरंच उतरलं, म्हणून आता पुन्हा जेवणं चालू आहेत, पुन्हा माझी बडबड चालू आहे, आणि बाई पुन्हा वैतागलेल्या आहेत. विनंती एकच, माझा जुना काळ्या काड्यांचा चष्मा तुझ्या कपाटाच्या खालच्या खणात असेल, तो लॉरीवाल्याकडे दे. उद्याच दे, विसरू नकोस. गुडघ्याला जप. भाऊजींना नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद.

तुझाच,
धाकटा

ता. क. पोर परवा दुपारी निघते आहे. माझ्यामुळे तिकिटाच्या खोलीची भिंत पडली, तिथे आता हत्ती जाईल एवढं भगदाड आहे, ती सहज निघेल. (पोटासकट माझ्यापेक्षा चपळ आहे.) फाटकाबाहेर पडली की ती लपून राहील, आणि संध्याकाळी परतताना लॉरीवाला तिला तुझ्या दारापर्यंत आणील (बाकीच्यांना वाटतंय, दुपारच्याच लॉरीने पोचेल). तिला माझी खोली दे. पुढचं सगळं तुझ्या हातात, मी सांगायला नको.

दुसरा ता. क. खरं काम हे आहे. दुपारी निघाली तरी तिला तुझ्याकडे पोचायला रात्र होणार, म्हणजे संध्याकाळच्या लॉरीबरोबर निरोप यायचा नाही. आणि निरोप आला नाही तर इथे पुन्हा तेच होईल, मी यांना आता ओळखतो. मग वरवंटे तिच्या मागे सुटतील. म्हणून पोचल्याची चिठ्ठी तू आजच लिही, आणि उद्या चष्म्याबरोबर फक्त माझ्या हातात पडेल अशी दे. सुखरूप पोचली, काय जेवली, किती जेवली, काय बोलली, कशी झोपली, सगळं सविस्तर लिही. परवा संध्याकाळची लॉरी येऊन गेली की मी वाचून दाखवीन. चष्मा त्यासाठीच हवा. मीच लिहिली असती, पण चिठ्ठी बाईंच्या हातात द्यावी लागली तर त्यांना कॉपी लगेच ओळखू येते. तुला हे जड जाणार, मला माहीत आहे. माझ्या शाळेतल्या गैरहजेरीच्या चिठ्ठीत ताप होता लिहायचं सोडून झोपला होता असं लिहिणारी तू. पण एवढं एक खोटं माझ्यासाठी लिही.

तिसरा ता. क. ती चिठ्ठी खोटी आहे हे इथे मला एकट्यालाच ठाऊक असेल. सगळे जेवतील, आणि मलाही त्यांच्यात बसून, हसून, बोलत बोलत पोटभर जेवावं लागेल. जेवीन. पण ती खरोखर आली की दुसरी चिठ्ठी लगेच पाठव, कितीही उशीर झाला तरी. तिच्यात जेवणखाण, झोप काही लिहू नकोस. पोचली, एवढंच लिही.