ठरलेलं मोडताना

सर, आज सकाळी गच्चीवर उभा राहून मी चौघा मित्रांना एकत्र फोन लावला आणि "कॉल ऑफ" म्हणालो, तिथंच माझं सगळं बदललं. तुम्हाला जाऊन वर्षं लोटली, तरी हे आधी तुम्हालाच सांगावंसं वाटलं.

राजारामपुरीतला तुमचा इंग्रजीचा क्लास आठवतो. फळ्यावर 'कॉल ऑफ' लिहून तुम्ही मला उभं करता, "सांगा पैलवान, अर्थ काय?" आदल्याच दिवशी दोन पेठांची फुटबॉल मॅच दगडफेकीमुळं रद्द झालेली, ती डोक्यात असते. मी म्हणतो, "हरणं, सर." सगळा वर्ग हसतो. तुम्ही म्हणता, "हरायला आधी खेळावं लागतंय की! ठरलेलं आता हुणार न्हाय, असं सांगून टाकायचं, ते कॉल ऑफ. मॅच, संप, सहल, लग्न, कशालाबी लावा. पण आधी ठरलेलं पायजे. आणि ज्यानं ठरवलं त्यानं तोंडानं सांगायचं. गुपचूप घरात बसला तर ते लपणं झालं."

माझा जिच्यावर जीव आहे, तिचा आज कोडोलीला साखरपुडा आहे. "मला हे स्थळ पसंत आहे, तू मध्ये येऊ नकोस," असं तिनं मला तोंडावर सांगितलं होतं. तरी मित्रांसोबत चार गाड्या घेऊन जायचं, हॉलमध्ये घुसून साखरपुडा मोडायचा, असं मी ठरवलेलं. तिच्यावरून एकाला मारून कॉलेज सोडलं, डोकं अजून तेच. पण सकाळी निघायच्या वेळी तिचा चेहरा डोळ्यांसमोर आला. भरल्या माणसांत, माझ्यामुळं खाली गेलेला. फोन बंद करून पडून राहणं सोपं होतं. मी फोन लावला.

"भ्यालास व्हय रं?" एकजण ओरडला. दुसरा म्हणाला, "बरं झालं बाबा! आमच्या म्हाताऱ्यानं गाडीची किल्लीच लपिवलिया. आता मिसळ तरी खाऊया की." सगळे हसले, मीही. किती दिवसांनी मोकळा श्वास आला, सर.

एक सांगायचं राहिलं. तिथं जायचं कॉल ऑफ केलं, पण तिच्यावरचा जीव तसा करता येत नाही. तो कुठं ठरवून लावला होता? खाली पोरं मिसळीला जायला हॉर्न वाजवतायत. तुम्हाला लिहिलेला हा कागद टेबलावरच राहू दे. निघतो, दार ओढून घेतो.