आप्पांनी कापलेला दांडा

दौंड, मंगळवार, १२ नोव्हेंबर १९७४

पुण्याची गाडी गाठायला मला स्टेशनपर्यंत सायकल हवी होती. नवी लेडीज सायकल परवडेना. शेवटी सासऱ्यांनी, आप्पांनी, स्वतःच्याच सायकलचा आडवा दांडा कापून खाली जोडून आणला, माझी साडी अडकू नये म्हणून. मळ्यात आता ते पायी जातात.

आणि मी काय केलं? स्टेशनच्या सायकल स्टँडवर ऑफिसातली कुसुम त्या दांड्याकडे बघून हसली, तर पटकन म्हटलं, "माझी नाही गं, शेजाऱ्यांची आहे."

असं का बोलले मी?

संध्याकाळी आप्पांनी विचारलं, "काय म्हनली मंडळी?"

"दांडा कुणी बसवला म्हणून विचारत होत्या."

"मग? माझं नाव सांगितलं न्हाई व्हय?"

"सांगितलं ना."

आप्पा इतके खूश झाले, की जेवताना एक भाकरी जास्त मागून घेतली. ती मीच त्यांच्या ताटात वाढली.