राईत पडलेलं

३ नोव्हेंबर
आले एकदाची! विंझरला एसटीतून उतरले, पुढं टेम्पोत दुधाच्या कॅनवर बसून वाडीत पोचले. सगुणाबाईंच्या घरी सोय झाली आहे. दारात गोठा आणि समोर वाघजाईची राई, इतकी दाट की ऑफिसातले सगळे तोंडात बोटं घालतील. हिचं नाव संरक्षित वारसास्थळांच्या यादीत घालायचं म्हणून मला पाठवलंय, आणि ते घातल्याशिवाय मी काही परत जात नाही. जेवायला नाचणीची भाकरी आणि उडदाचं घुटं होतं. लाज सोडून दोनदा मागून घेतलं.

५ नोव्हेंबर
दिवसभर राईत. गारंबीच्या वेली मांडीएवढ्या जाड. इथला नियम ऐकून तर मी उडालेच: राईत पडलेलं कुणी उचलत नाही. काटकी नाही, फळ नाही. पडलं ते वाघजाईचं. अगदीच नाइलाज झाला तर गुरव गेनबा देवीला कौल लावतात. मूर्तीला चिकटवलेलं फूल उजवीकडून पडलं की उचलायची मोकळीक. हे मात्र मला पटलं नाही. पळवाट ठेवली तर परंपरा कसली? पाहणीला येणारी समिती नेमकं त्यावरच बोट ठेवणार.

८ नोव्हेंबर
सगुणाबाईंच्या मुलाची, गोरखची, कालवड राईत शिरली आणि मुळांत अडकून, पाय मोडून तिथंच पडली. पडली म्हणजे तीही वाघजाईची. तिला उचलायची मोकळीक मागायला तो गेनबांकडं धावला. मी अडवलं. सगळी वाडी देवळात जमवली, समजावलं की नियम अखंड पाळला तरच यादीत नाव लागेल, रस्ता होईल, हाताला काम मिळेल. गेनबा कुरकुरले, कौल बी देवीचाच हाय म्हणाले. पण शेवटी सगळ्यांनी बेलभंडार उचलून शपथ घेतली: यापुढं कौल नाही, पडलेलं उचलणं नाही. मीही घेतली. गोरख लहान मुलासारखा रडला. बिचारा! पण एका जनावरापायी एवढं मोठं काम थांबवायचं का? ती अजून हंबरते आहे. कानात कापूस घालून लिहिते आहे.

१० नोव्हेंबर
सकाळी हंबरणं थांबलं, म्हणून बघायला गेले. कालवडीच्या जागी तिच्याच आकाराचा गारंबीचा हिरवा ढीग. वेल इतक्या लवकर वाढत नाही. वाकून पाहिलं तर पानांखाली पोट वर-खाली होत होतं. दचकून मागं सरले आणि माझाच पाय मुळांत गेला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.
ओरडल्यावर सगळे आले. राईच्या कडेला थांबले. गेनबांनी हात जोडले. ताई, बेलभंडार उचललाय, आता आमी काय करनार, म्हणाले. मी म्हटलं, मोडा शपथ, मीच सांगते. गोरख म्हणाला, नियम अखंड पायजे, ताईच म्हनल्या व्हत्या. मग आईला घेऊन जेवायला गेला.

११ नोव्हेंबर
खांद्याच्या झोळीत ही वही, चाकू आणि मोबाईल आहे, पण रेंज नाही. सरपटता येत नाही, घोट्याला वेल आहे. चाकूनं कापायला गेले तर कळ आली. वेलीला कापलं आणि दुखलं मला.
सगुणाबाई कडेला नैवेद्य ठेवून गेल्या. वाघजाईला. हात पोचत नाही.
आई, मला फार भीती वाटते.

१३ नोव्हेंबर
भूक लागत नाही. तहान नाही. वेल मांडीत शिरली आहे. पाजते काहीतरी —
कालवडीचा श्वास ऐकू येतो. ती मेली नाही. म्हणजे मीही —
गोरख येऊन बसला. कालवडीशी बोलला. लई गोड बोलला. माझ्याकडं वळूनही —

१६ नोव्हेंबर
गाडी! समितीचे साहेब! वाचले —
ओरडता येत नाही, तोंडात पानं. उजवा हात सुटा आहे. लिहू की हलवू — हलवला. साहेबांनी पाहिलं! इकडंच बोट —
गोरख सांगतोय, हितं पडलेलं कुनी म्हंजी कुनी उचलत न्हाई. साहेब खूश. नाव लागलंच समजा, म्हणतायत —
परत हलवला. साहेब विचारतायत, वारा नाही, मग ही वेल हलते कशी. गोरख हसला. म्हणाला, नवी हाय सायेब, अजून रुजतीया, हळूहळू आपसूक —