नऊ नंबर, बाद

बाबा, त्या दिवशी माझ्या पाठीला हात लागला नव्हता. हे मी तुम्हाला तेव्हाही सांगितलं होतं, मैदानातच, चुन्याच्या रेषेवर उभी राहून. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "नऊ नंबर, बाद." नावानं हाक मारली नाहीत. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला जरा थांबावं लागतं. हे वाक्य मात्र न थांबता आठवतं.

तालुक्याची खो-खोची अंतिम फेरी होती. मी नववीत, मुलींच्या शाळेत. तुम्ही पनवेलच्या दुसऱ्या शाळेत पी.टी. शिकवायचात. नेमलेले एक पंच आले नाहीत म्हणून आयोजकांनी तुम्हाला धरलं. "माझी मुलगी खेळतेय, दुसरा कोणी बघा," असं तुम्ही म्हणालात. पाण्याच्या पिंपाशी उभी राहून मी ते ऐकलं. दुसरं कोणी नव्हतं. तुम्ही गळ्यात शिट्टी अडकवलीत तेव्हा माझ्या मैत्रिणी खूश झाल्या, "आता काय, घरचाच पंच!" मला ते आवडलं नाही, पण थोडं आवडलंही. मग खेळ रंगात आला आणि समोरच्या शाळेकडून आलेला एक माणूस ओरडला, "बापच पंच हाय, मंग पोरींना कशाला पलवता? कप घरीच घेऊन जा ना!" लोक हसले. मी पळतीच्या शेवटच्या तुकडीत होते, आत जायची वाट बघत बसले होते, आणि तिथून मला तुमचे कान लाल झालेले दिसत होते. रागावलात की तुमचे कान लाल व्हायचे. पण लाज वाटली तरीही व्हायचे.

शेवटची मिनिटं. गुण बरोबरीत. मी टिकले तर आणखी एक डाव मिळणार होता, बाद झाले तर सगळं संपलं. माझ्या मागे एक उंच मुलगी लागली. मी खुंटाला वळसा घातला, तिनं सूर मारला. मला पाठीवर वारा लागला, बाबा. नुसता वारा. ती तोंडावर पडली, मातीत घसरली, आणि तुमची शिट्टी वाजली. ती मुलगी उठून आधी तुमच्याकडे बघायला लागली, माझ्याकडे नाही. जिचा हात लागलेला असतो ती उठताना नाचते. ती विचारल्यासारखी बघत होती. मी म्हटलं, "लागला नाही." तुम्ही म्हणालात ते वर लिहिलंच आहे. ओरडणारा तो माणूस आता टाळ्या वाजवत होता आणि शेजाऱ्याला सांगत होता, "मास्तर इमानदार हाय बरं का."

तुमच्या एम-एटी मोपेडवरून आपण घरी, बेलपाड्याला निघालो. तेव्हा खारघर नुकतं कुठे उभं राहत होतं, आपल्या गावाच्या चहूबाजूंनी खड्डे आणि लोखंडी सळया. घरी आई चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. मी रडत आत शिरले आणि सगळं सांगून टाकलं. आईनं तव्यावरची भाकरी उलटली, आणि तुम्हाला अगदी शांतपणे विचारलं, "तुमी सोताच्या डोल्यांनी बगितला का, हात लागलेला?"

तुम्ही म्हणालात, "शिट्टी वाजली ना."

"शिट्टी तुमीच वाजवली. मी इचारते, बगितला का?"

"जेवायला वाढ," तुम्ही म्हणालात. मग माझ्याकडे वळून, जरा चढ्या आवाजात, "पंचाच्या निर्णयावर मैदानात तोंड उघडायचं नाय. परत असं केलंस तर खेळ बंद." आयुष्यात तुम्ही मला बोललात ते फार कमी वेळा, आणि त्यातलं हे एक. 'हो, मी बघितलं,' एवढंच म्हणाला असतात तर मी विश्वास ठेवला असता. खरंच ठेवला असता. पुढच्या रविवारी तुम्ही पनवेलच्या बाजारातून माझ्यासाठी नवे बूट आणलेत, पांढरे, निळ्या पट्टीचे, मी कधीपासून मागत होते तसले. आई म्हणाली, "बाबांनी आणलंन, घाल की." मी ते पायात घातले, आरशात बघितले आणि मनात म्हटलं, हे का? दिवाळी नाही, वाढदिवस नाही. न्यायानं बाद केलेल्या मुलीला कोणी बूट देतं का?

तेव्हापासून माझ्या डोक्यात संशयाला कायमची जागा झाली. खो-खो मी त्याच वर्षी सोडला आणि गणिताच्या स्पर्धांना बसायला लागले. गणितात शिट्टी नसते. मेडल मिळालं तर तुम्ही ते हातात घेऊन उलटंसुलटं बघायचात आणि म्हणायचात, "छान." मी तुमच्या चेहऱ्याकडे बघत राहायचे, हे खरंच छान आहे की भरपाईचं छान आहे म्हणून. तुम्ही आजारी पडलात, तीन दिवस मी दवाखान्यात तुमच्या उशाशी होते, तेव्हा विचारायचं मनात आलं होतं. तुम्ही झोपलेले होतात. उठल्यावर विचारू म्हटलं.

हे सगळं आज लिहायचं कारण वेगळंच आहे. मी करंजाड्याच्या एका शाळेत गणित शिकवते, आणि माझी मुलगी त्याच शाळेत दहावीला आहे. स्नेहसंमेलनात दरवर्षी दहावीतल्या एका मुलाला किंवा मुलीला मोठी ट्रॉफी देतात, अभ्यासाच्या स्पर्धा, खेळ आणि समाजकार्य हे तिन्ही बघून. निवड तिघांची समिती करते: पर्यवेक्षिका बाई, खेळाचे सर आणि यंदा मी. शेवटी दोनच नावं उरली. एक माझ्या मुलीचं. ती कबड्डीच्या संघाची कॅप्टन आहे आणि गणिताच्या स्पर्धेत जिल्ह्याच्या यादीत आली आहे. दुसरं एका मुलाचं. तो विज्ञान प्रदर्शनात पुढच्या फेरीपर्यंत गेला आणि धावण्यातही त्याची पदकं आहेत. त्याचे वडील बिल्डर. इकडच्याच गावातले, एके काळी मिठागरात राबलेल्या घरातले, आता करंजाड्यात त्यांचे दोन टॉवर उभे राहताहेत.

नावं ठरली त्याच दिवशी मी पर्यवेक्षिका बाईंना म्हटलं, "मला समितीतून काढा." त्या म्हणाल्या, "आता बाहेर पडलात तर लोक जास्त बोलतील. म्हणतील, काहीतरी होतं म्हणूनच पडल्या." खेळाचे सर चहा ढवळत हसले, "मॅडम, टेन्शन कसलं घेताय? ट्रॉफी घरचीच आहे." त्यांच्या हसण्यात चेष्टा किती आणि टोमणा किती, हे मी घरी पोचेपर्यंत तपासत होते.

अभ्यास आणि खेळ यांत दोघं जवळजवळ बरोबरीचे होते. राहिलं समाजकार्य. शाळेनं मुलांना टॉवरच्या साइटवर कामाला आलेल्या कुटुंबांच्या मुलांना शिकवायचं काम दिलं होतं. दोघंही तिथेच जात होते. आणि ती साइट त्या मुलाच्या वडिलांची. म्हणजे बघा, मालकाचा मुलगा आपल्याच साइटवर शिकवायला जातो, फोटो सुंदर येतात, आणि विचारायला गेलं तर नाही कोण म्हणेल? मला पक्का संशय आला. त्या मुलाचा आला. आणि खरं लिहायचं तर माझ्या मुलीचाही आला, कारण गेले काही दिवस ती 'तिकडे जाते' म्हणून निघायची आणि मैत्रिणीच्या घरचा पावभाजीचा वास घेऊन परत यायची.

म्हणून एका रविवारी सकाळी मी कोणाला न सांगता तिकडे गेले. पत्र्याच्या खोल्यांची रांग, मध्ये नळ, नळावर बायका. एका बाईला विचारलं तर ती पदर सावरत लगेच म्हणाली, "सेठ का लडका बहोत अच्छा है, रोज आता है." मला हेच अपेक्षित होतं. हिला कोणी पढवलंय, मी मनात म्हटलं. मग मी मुलांकडे वळले. चार-पाच जण वाळूच्या ढिगावर खेळत होते. त्यांना म्हटलं, भैया कसं शिकवतो? एक लहानशी मुलगी उठली. तिनं नसलेला चष्मा नाकावर वर सरकवला, कपाळाला आठ्या घातल्या आणि मराठीत ओरडली, "चूप! परत म्हण! सतरा त्रिक?" बाकीची पोरं एका सुरात म्हणाली, "एकावन्न!" मग तिनं त्याचं वैतागून डोक्याला हात लावणंही करून दाखवलं. अगदी तस्सं. वर्गात तो असाच वैतागतो. हे कोणाला पढवता येत नाही, बाबा. ज्या मास्तराला पोरं रोज सोसतात त्याचीच अशी नक्कल होते.

मी विचारलं, "आणि दीदी?"

"दीदी चॉकलेट देती थी," ती मुलगी म्हणाली. "फोटो निकाला हमारे साथ. अब नहीं आती."

"कबसे नहीं आती?"

तिनं शेजारच्या पोराकडे बघितलं. त्यानं खांदे उडवले. "दिवाली से," ती म्हणाली, आणि पुन्हा वाळूत बसली.

परत येताना रिक्षात बसल्यावर मला कळलं की माझे कान तापले आहेत. मी दोघांना सारखंच विचारलं होतं का? त्याच्याबद्दल मी पुरावा मिळेपर्यंत थांबले आणि हिच्याबद्दल पहिल्याच वाक्यावर उठले. त्या पोरांना 'दीदीनं काय शिकवलं' हे विचारलंच नाही. विचारलं असतं तर कदाचित त्यांनी तिचीही नक्कल करून दाखवली असती. रिक्षा नाक्यावरून मागे वळवावी असं मनात आलं. पण मग वाटलं, हे मी खरं शोधायला परत चालले आहे, की मुलीसाठी काहीतरी शोधायला? रिक्षा वळवली नाही.

समितीत मी बघितलं तेवढं सांगितलं. खेळाच्या सरांनी भुवया उंचावल्या, "मॅडम, स्वतःच्या मुलीला? लोकांना दाखवायला असं करू नका हं." पर्यवेक्षिका बाईंनी मुलाचं नाव पक्कं केलं. दोन दिवसांत स्टाफरूममध्ये वेगळीच कुजबुज ऐकू आली: मॅडम त्याच टॉवरमध्ये फ्लॅट बघताहेत म्हणे. मला हसू आलं, पण तोंडावर आलं नाही. हिला ट्रॉफी दिली असती तर घरची, त्याला दिली तर फ्लॅटची.

मुलीला कळलं तेव्हा मी पोळ्या लाटत होते. ती दारात उभी राहिली.

"तू साइटवर गेली होतीस?"

"हो."

"त्याचंही विचारलंस?"

"हो."

"आधी कोणाचा संशय आला? माझा की त्याचा?"

मी म्हटलं, "दोघांचा बरोबरच."

"खोटं बोलतेस," ती म्हणाली. ओरडली नाही. "दिवाळीनंतर मी जात नव्हते, हे खरंय. पण त्याआधी मी त्या सगळ्यांना बाराखडी लिहायला शिकवली होती, आई. तो आला तेव्हा त्यांना अक्षरं येत होती. ते तुला कोणी सांगितलं का?"

मी लाटणं खाली ठेवलं. "नाही. मी विचारलं नाही."

"का नाही विचारलंस?"

काय सांगणार होते मी? मी जे बघितलं ते खोटं नव्हतं, पण तिथे बघायला उभी होते ती आई की परीक्षक, की लोकांच्या तोंडाला घाबरलेली बाई, हे मलाच सांगता येईना. आणि त्या क्षणी, बाबा, तुम्ही मला अगदी जवळ उभे असल्यासारखे वाटलात, आणि तुमचा रागही आला. तुम्ही बघितलं होतं की नव्हतं, हे कदाचित तुम्हालाही माहीत नसेल. एक मुलगी पडली, एक माणूस ओरडला होता, तुमच्या तोंडात शिट्टी होती. इतकंच असेल. मी तुम्हाला माफ केलं असं लिहिणार नाही, कारण हात लागला नव्हता. पण पूर्वी माझी खात्री होती की तुम्ही जाणूनबुजून केलंत. ती खात्री आता राहिली नाही.

मुलीला मी म्हटलं, "चुकलं माझं. पूर्ण विचारायला हवं होतं." ती म्हणाली, "आता काय उपयोग," आणि पोळी न खाता आत गेली. स्नेहसंमेलनात त्या मुलाला ट्रॉफी मिळाली. स्टेजवरून उतरताना तो तिच्यापाशी थांबून काहीतरी म्हणाला आणि ती हसली. काय म्हणाला ते मी विचारलं नाही. खूप विचारावंसं वाटलं.

हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, आणि आईला मी ते दाखवणार नाही. ती आता थकली आहे, आणि त्या दिवशी चुलीपुढे विचारलेलं तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. आज सकाळी मुलगी दप्तरात खडूचा डबा टाकून साइटवर गेली. सांगून गेली. ती खरंच कुठे गेली ते बघायला मी तिच्या मागे गेले नाही, असं लिहिणार होते. नाक्यापर्यंत गेले होते.