समाधानी गल्लीतून

प्रिय चिमणे,

खालच्या मजल्यावरची शिंपीण हे लिहून घेते आहे. ती म्हणते, आधी खुशाली लिहायची असते. तर लिही बाई: गुडघे दोन, दोन्ही रुसलेले, जिना तीन मजल्यांचा, आणि नळ अजून चौकातच. झाली खुशाली.

तुमच्या नगरपालिकेच्या कार्यालयातली ती पाहणीवाली पोरगी भर दुपारी आली होती. चपलेचा अंगठा तुटलेला, घसा कोरडा. बसवलं, पाणी दिलं. मग तिने काचेची पाटी पुढे केली. त्यावर तीन चेहरे, हसरा, गप्प आणि रडका. पाणी, दिवे, कचरा असं एकेक नाव घेऊन ती विचारायची, आजी, कुठल्यावर बोट ठेवता? आता तूच सांग, उन्हातून आलेल्या पोरीसमोर रडक्यावर बोट कसं ठेवायचं? वाटलं, तिलाच वरचे ओरडतील. मी आपली हसऱ्यावर. शेजारणीनेही तेच केलं, चाव्या बनवणाऱ्यानेही. सगळ्या गल्लीने त्या पोरीला पास केलं आणि तुम्ही समजलात, नगरपालिकेला केलं!

ते चेहरे तूच सुचवलेस, ठाऊक आहे मला. माझ्यासारख्या अंगठेबहाद्दरांनाही मत देता यावं म्हणून. ऐकलं तेव्हा ऊर भरून आला होता, उगाच खोटं कशाला बोलू.

पण गेल्या आठवड्यात चौकातल्या फलकावर कागद लागला. शिंपिणीने वाचून दाखवला: ही गल्ली पाण्याबाबत समाधानी, सबब घरोघर नळ देण्याचं काम इथे रद्द, पाइप दुसऱ्या वस्तीला. खाली तुझी सही, तिथे ती अडखळली. मीच म्हटलं, वाच गं, माझ्याच घरचं नाव आहे.

मी चौकातच बोलायला लागले, मग तुझा निरोप आला. आजी, गप्प बस, माझी नोकरी अजून कायम झालेली नाही, छापलेलं बदललं तर चूक माझ्या माथी येईल. अगं, चूक आहेच तुझी. थोडी माझीही, मी भिडेला बळी पडले. पण बादल्या वाहायला तुझा साहेब येत नाही. शेजारणीची सून वाहते, आठवा महिना लागलेली. परवा जिन्यात पाय घसरला तिचा. कठडा हाती लागला म्हणून वाचली. आणि मी गप्प बसू? माझं तोंड तुझ्या आजोबांना चाळीस वर्षांत बंद करता आलं नाही, तू कोण लागून गेलीस?

शिंपीण म्हणते, पुढचं लिहू नका, पोरगी दुखावेल. लिही म्हटलं. चिमणे, हे पत्र तुझ्या घरी येणार नाही. उद्या सकाळी आम्ही सगळ्या ते तुमच्या कार्यालयात घेऊन येतोय. आवक-जावकच्या खिडकीत देऊन वर शिक्का आणि नंबर घेणार. मागच्या बाजूला एक्केचाळीस घरांच्या सह्या आणि अंगठे आहेत. अर्ज कसा लिहितात ते आम्हाला येईना, म्हणून नातीला पत्र लिहिलं. शिक्का बसला की ते फाडायची सोय नाही, तुलाही नाही, साहेबालाही नाही. मी तुझ्या टेबलासमोर उभी असेन. आजी आली म्हणून खुर्ची सरकवू नकोस. गल्लीतली एक बाई समजून पाण्याचं पुन्हा विचार. या खेपेला मी तोंडाने सांगणार आहे, आणि तू ते तुझ्या हाताने लिहिणार आहेस.

तुझीच, पण उद्यापुरती गल्लीची,
आजी