धारेआधीचे हात

आप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी आज तुमच्यावर चिडून लिहायला बसले आहे. तुम्ही होतात तेव्हा चिडायची सोय नव्हती. आता आहे, तर ऐकून घ्या. न्हावऱ्याच्या पुढे एका वस्तीवरच्या शाळेत मी पहिली-दुसरीला शिकवते, हे तुम्हाला ठाऊक होतं. काय शिकवतेस, असं तुम्ही एकदा विचारलं होतं आणि मी 'मराठी, गणित' असं उत्तर दिलं होतं. खोटं होतं ते. मी हात धुवायला शिकवते. वेळ उरला तर मराठी आणि गणित.

रोज खिचडीच्या आधी तेच. नळापाशी रांग लावायची. पोरं येतात, पाण्याखाली बोटांची टोकं धरतात, शेजारच्याच्या तोंडावर पाणी उडवतात आणि चड्डीला हात पुसून मोकळी. साबण लावला का विचारलं, तर माझ्या डोळ्यांत डोळे घालून सांगतात, "लावला की बाई." साबण कोरडा ठणठणीत. भिंतीवर हात धुण्याच्या सहा पायऱ्यांचं चित्र आहे, त्याचं गाणंही आहे. गाणं सगळ्यांना पाठ, अगदी चालीवर. गाणं म्हणतात आणि हात खिशात. त्यात आमच्या ग्रुपवर मेसेज येतो, हात धुतानाचे फोटो पाठवा. मग फोटोपुरता फेस. मी फोटो पाठवते, वरून अंगठा येतो, आणि फोन खाली ठेवेपर्यंत तीच पोरं मातीत. ओरडून झालं, समजावून झालं. एकदा फळ्यावर पोटातला जंत काढून दाखवला. तो त्यांना इतका आवडला, की चित्रकलेच्या तासाला सगळ्या वर्गानं जंत काढले. डोकं फुटायची वेळ येते हो.

गेल्या महिन्यात दुसरीतली एक मुलगी चार दिवस आली नाही. चौकशी केली, तर जुलाब-उलट्या होऊन शिरूरला दवाखान्यात ठेवलेली. शाळा सुटल्यावर एसटीनं गेले. पोरगी कॉटवर चिपाडासारखी पडलेली, हाताला सलाईन, ओठ सुकलेले. मला बघून हसायला गेली, पण तिला तेही जमेना. अजून एक दिवस उशीर झाला असता तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले. उशाशी तिचे आजोबा बसले होते. सगळी वस्ती त्यांना आबा म्हणते. तुम्ही घालायचात त्याच डेअरीला दूध घालायचे ते, तुमच्याबरोबर रोज रांगेत असायचे. मला राहवलं नाही. समोर वयानं मोठं माणूस आहे, नात आजारी आहे, कशाचंही भान न ठेवता मी विचारलं, "आबा, घरात साबण हाय का न्हाई?"

"हाय की," आबा म्हणाले. "गोठ्यात."

"गोठ्यात कशाला?"

"कशाला म्हंजी? धारंच्या आधी हात नगं का धुवायला? सड सुजून दगडी झाली म्हंजी कास जाती गाईची."

"आन् पोरीनं जेवायच्या आधी?"

आबा माझ्याकडे बघतच राहिले. "ती काय कुनाची धार काढती व्हय?"

मला हसू आलं नाही. असली उत्तरं मी लहानपणापासून ऐकत आले होते, तुमच्या तोंडून.

पहाट आहे, गोठ्यात पिवळा बल्ब आहे, मी दहा-अकरा वर्षांची आहे. तुम्ही म्हणता, "दाव हात." मी तळवे पुढे करते. तुम्ही एकेक बोट फाकवून बघता, नखांखाली बघता, मनगट उलटं करता. "परत." मी परत जाते. कोमट पाणी, कोपरापर्यंत साबण, आणि फडक्याला पुसायचे नाहीत, तसेच वाळू द्यायचे. एकदा ठेचा वाटून, हात धुतल्यासारखं करून मी धारेला बसले. गाय चटकन उडाली, बादली लवंडली आणि तुम्ही माझ्या पाठीत धपाटा घातला. "मुकं जनावर हाय त्ये," म्हणालात. बरोबरच होतं तुमचं. पण मग धार झाली की आपण चुलीपुढे न्याहारीला बसायचो. तुम्ही गाईची सरकी कालवलेला हात पायजम्याला पुसून भाकरी मोडायचात आणि माझ्या ताटात टाकायचात. माझे हात तर शेणानं भरलेले असायचे. तिथं कुणी म्हणालं का, दाव हात? दर पावसाळ्यात मी पोट धरून पडायचे, शाळा बुडायची, आणि तुम्ही आल्यागेल्याला सांगायचात, हिची प्रकृतीच नाजूक. प्रकृती कसली, आप्पा. शेण होतं ते.

आणि ते नेलकटर. दौंडच्या बाजाराला गेला होतात, तिथून आणलंत. त्याआधी तुम्ही आपणहून माझ्या हातात काही ठेवलेलं मला आठवत नाही. मी ते शाळेत नेलं, मैत्रिणींना दाखवलं, दोघींची नखंसुद्धा कापून दिली. संध्याकाळी तुम्ही म्हणालात, "आनलंय त्ये वापर. सडाला नख लागतंय तुजं." म्हणजे ते गाईसाठी होतं. मी ते गोठ्यातल्या खिळ्याला अडकवून टाकलं. आठवडाभर तुमच्याशी बोलले नाही, आणि ते तुमच्या लक्षातही आलं नाही.

दवाखान्यातून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी नळापाशी गाणं म्हणू दिलं नाही. पोरांना म्हटलं, घरी धारेच्या आधी हात कसे धुतात ते करून दाखवा. आणि सगळ्यांनी दाखवलं. बोटांच्या बेचक्यांतून, अंगठा वेगळा, नखं तळव्यावर घासून, पार कोपरापर्यंत. चित्रातल्या सहाच्या सहा पायऱ्या आणि वर आणखी एक. म्हणजे इतकी वर्षं मी घसा फोडत होते आणि यांना सगळं येत होतं. संताप आला आणि त्याच वेळी रडूही येत होतं. "मग जेवताना का नाही?" मी विचारलं. एक मुलगी म्हणाली, "बाई, जेवायला कोन बघतंय हात?"

तेव्हा मी खोटं बोलले. म्हटलं, आमचे आप्पा बघायचे. जेवायच्या आधी आम्हा भावंडांचे हात हातात घेऊन बोट न् बोट बघायचे, मळ दिसला की ताट मागे ओढायचे. लेकराचं पोट गाईच्या कासेहून नाजूक असतं, असं म्हणायचे. कुठून सुचलं, देव जाणे. पोरांना तुम्ही भलतेच आवडलात. रोज विचारतात, मग आप्पा काय म्हणायचे? आणि मी रोज थोडं थोडं वाढवून सांगते. पण हात धुतात, आप्पा. जोडीजोडीनं एकमेकांची बोटं फाकवून बघतात आणि तुमच्यासारखं गंभीर तोंड करून "परत" म्हणतात.

परवा ती मुलगी शाळेत आली. आबा गाडीवरून घेऊन आले होते. फ्रॉक अंगावर लोंबत होता, पण चालत आली. खिचडीची वेळ होती. पोरांनी आबांना गराडा घातला. "आबा, तुमी बाईंच्या आप्पांना बघितलं व्हतं ना? त्ये खरंच ताट वढायचे का?" तुम्ही कसे होतात हे आबांना चांगलं माहीत. आणि ते तोंडावर खरं बोलणारे. एकदा 'न्हाई' म्हणाले असते तर सगळं मुसळ केरात, उद्यापासून पुन्हा हात चड्डीला. आबांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग नातीकडे. सुई टोचलेली जागा अजून हिरवीनिळी होती. म्हणाले, "व्हय तर. लई कडक मानूस. हात धुतल्याबिगर पोरांना ताटावर बसू द्यायचा न्हाई. म्या सोता बघितलंय. आन् मायाळू बी तेवढाच." मायाळू हे मीसुद्धा सांगितलं नव्हतं. जाताना गाडीला किक मारत मला म्हणाले, "साबन आनून ठिवलाय घरात, मोरीवर."

मला हायसं वाटायला हवं होतं. उलट तुमचा इतका राग आला, की हे लिहायला बसले. सगळ्या वस्तीच्या पोरांना ते आप्पा मिळाले. मला का नाही मिळाले? पाणी होतं, साबण होता, बोटं फाकवून बघायची रीतही तुम्हालाच माहीत होती. गोठ्यापासून चुलीपर्यंत पाच पावलं होती हो.

असो. हे कागद कुठं पाठवायचे नाहीत, उद्या फाडून टाकीन. फक्त एक सांगायचं राहिलं. वाढण्याआधी बाईंनी खिचडीची चव घ्यायची असते. त्या दिवशी घाईत मी ती खडूनं भरलेल्या तळहातावरच घेऊन खाल्ली होती. तेवढ्यात आबा बोलायला लागले, हात धुतल्याबिगर ताटावर बसू द्यायचा न्हाई, आणि मी दोन्ही हात पाठीमागे लपवले. तुम्ही बघाल म्हणून.